धर्म बदललेला इराणी भाडेकरू, संपत आलेला व्हिसा आणि तुरुंगाची भीती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोंढव्यातला तुमचा फ्लॅट काही वर्षांपासून एका इराणी विद्यार्थ्याकडे भाड्याने आहे. मुलगा सरळ, भाडं वेळेवर. मधल्या काळात तो कॅम्पातल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जाऊ लागला, पुढे बाप्तिस्मा घेतला. आता शिक्षण संपत आलंय, व्हिसाचे थोडेच महिने उरलेत आणि तो म्हणतोय की परत गेलो तर तुरुंगात जाईन. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: तो म्हणतो ते खरं की इथे राहायची सबब, भारतात त्याला काही संरक्षण मिळतं का, आणि घरमालक म्हणून तुमच्या मागे काही लचांड लागेल का.

परदेशी नागरिकांची व्हिसाची, कोठडीची आणि हद्दपारीची प्रकरणं मी बरीच वर्षं चालवतोय. त्यांत इराणी पुष्कळ. पुण्यात एके काळी ते हजारोंनी शिकायला यायचे. इराणचं चलन रियाल गडगडलं तशी संख्या ओसरली.

लचांडाचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. परदेशी माणसाला घर दिलं की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. तो भरला असेल, भाडेकरार नोंदवलेला असेल, पोलीस पडताळणीची पावती फायलीत असेल, तर तुमचं काम झालं. भाडेकरूने धर्म बदलला हे कुणाला कळवायची जबाबदारी तुमच्यावर नाही, आणि कृपा करून ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका. अडचण सुरू होते ती व्हिसाची तारीख उलटल्यावर. मुदत संपलीय हे माहीत असून त्याला घरात ठेवलंत तर ते तुमच्याही अंगाशी येऊ शकतं.

आता त्याची भीती. ती सबब आहे असं मी तरी एकदम म्हणणार नाही. पण तुम्ही इराणचा कायदा उघडून बसलात तर तुम्हाला ती सबबच वाटेल, कारण २०१३ च्या इराणी दंडसंहितेत धर्मत्यागाचं कलमच नाही. राज्यघटनेचं २३ वं कलम उलट म्हणतं की कुणाच्या श्रद्धेची चौकशी करायची नाही, नुसत्या मतासाठी कुणाला त्रास द्यायचा नाही. १३ व्या कलमात झरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती अशा तीन अल्पसंख्याकांना मान्यता आहे. पण ही मान्यता वापरायला मिळते ती जन्माने ख्रिस्ती असलेल्या अर्मेनियन आणि असिरियन लोकांना. त्यांची चर्च आहेत, संसदेत राखीव जागा आहेत. मुसलमान घरात जन्मलेला माणूस सरकारच्या लेखी मुसलमानच राहतो. त्याने बाप्तिस्मा घेतला काय नि न घेतला काय. त्यात १६७ वं कलम न्यायाधीशाला सांगतं की कायदा जिथे गप्प असेल तिथे धर्मशास्त्र आणि फतवे पाहून निकाल दे. दंडसंहितेच्या २२० व्या कलमाने तोच दरवाजा शिक्षेच्या बाबतीतही उघडा ठेवलाय. म्हणजे कलम नाही, पण फाशी होऊ शकते.

झालेलीही आहे. होसेन सूदमंद नावाच्या धर्मांतरित पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, डिसेंबर १९९० मध्ये मशहदला फाशी दिली. मेहदी दीबाज यांनी नऊ-दहा वर्षं तुरुंगात काढली आणि १९९३ च्या अखेरीस त्यांना मृत्युदंड सुनावला. अर्मेनियन बिशप हाइक होव्सेपियन मेहर यांनी ते प्रकरण जगापुढे आणलं, तेव्हा जानेवारी १९९४ मध्ये दीबाज सुटले. सुटकेनंतर काही दिवसांतच बिशप बेपत्ता झाले. त्यांचा खून झाला होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दीबाजही मारले गेले. ही नावं जुनी वाटतील, पण इराणी धर्मांतरितांच्या घरांत ती अजून घेतली जातात.

त्यानंतरचं महत्त्वाचं प्रकरण युसेफ नादरखानी यांचं. रश्त शहरातले हे पाळक. शाळेत आपल्या मुलांवर इस्लामच्या धड्यांची सक्ती नको, अशी हरकत त्यांनी घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांना अटक झाली. २०१० मध्ये धर्मत्यागाबद्दल मृत्युदंड. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं, आणि सप्टेंबरमध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं: ख्रिस्ती श्रद्धा सोडतोस का? ते नाही म्हणाले. जगभर ओरड झाली तेव्हा गिलान प्रांताच्या एका बड्या अधिकाऱ्याने जाहीर केलं की या माणसाचा गुन्हा धर्माचा नाहीच. तो बलात्कारी आहे, झायोनिस्ट म्हणजे इस्रायलचा पाठीराखा आहे, देशाच्या सुरक्षेला धोका आहे. तोवर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राची प्रत बाहेर आली होती. तिच्यात धर्मत्यागाखेरीज दुसरा आरोपच नव्हता. २०१२ मध्ये फाशी रद्द झाली, मुसलमानांत धर्मप्रचार केल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा ठरली आणि ती भोगून झाली म्हणून त्यांना सोडलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे इतकं लांबवलं नसतं. २०१७ मध्ये याच नादरखानींना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि या वेळी निकालपत्रात धर्मत्याग नव्हता. आरोप होता राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध कृत्याचा: घरगुती मंडळ्या चालवणं आणि ‘झायोनिस्ट ख्रिस्ती धर्मा’चा प्रसार. २०१८ च्या जुलैमध्ये त्यांना तेहरानच्या एव्हिन तुरुंगात नेलं; शिक्षा पुढे सहा वर्षांवर आली, आणि ते फेब्रुवारी २०२३ मध्ये माफीत सुटले. माणूस तोच, श्रद्धा तीच, प्रार्थनेची पद्धतही तीच. पहिल्या खेपेला अख्खं जग बोंबललं, दुसऱ्या खेपेला वर्तमानपत्रात चार ओळी. राज्यकर्त्यांनी यातून काय धडा घेतला असेल ते सांगायला वकील लागत नाही.

म्हणून तुमच्या भाडेकरूने ‘धर्मत्यागाला फाशी आहे’ असं लिहून दिलं तर आश्रयाचा अर्ज तपासणारा अधिकारी विचारेल, गेल्या दहा वर्षांत किती जणांना झाली? आणि त्याचा दावा तिथेच ढिला पडेल. खरा धोका इराणी दंडसंहितेच्या दुसऱ्या कलमांत आहे. ४९८: सुरक्षेला बाधा आणणारा गट स्थापन करणं, दोन ते दहा वर्षं. ४९९: अशा गटाचं सदस्य असणं, तीन महिने ते पाच वर्षं. ५००: राजवटीविरुद्ध प्रचार, तीन महिने ते एक वर्ष. ६१०: संगनमत, दोन ते पाच वर्षं. आणि २०२१ मध्ये ५०० ला जोडलेलं नवं कलम: इस्लामच्या विरोधात जाणारा ‘विचलित’ प्रचार किंवा शिकवणूक. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद, परदेशातून पैसा आला असेल तर त्याहून जास्त. इराणी धर्मांतरिताच्या तोंडून मी ४९९ आणि ५०० हे आकडे ऐकतो, तेव्हा त्याला तिथली खरी परिस्थिती माहीत आहे हे मला कळतं.

गट म्हणजे काय? चार-सहा माणसं कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत पडदे ओढून बसतात, आवाज चढू नये म्हणून गाणी पुटपुटतात, फारसी बायबल वाचतात. हे असं घरात का करतात, तर फारसी भाषेतली उपासना चर्चमध्ये उरलेलीच नाही. तिथल्या बायबल सोसायटीला १९९० मध्ये टाळं लागलं, आणि तेहरानच्या असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाच्या मध्यवर्ती चर्चमधली फारसी उपासना २०१३ मध्ये बंद पाडली. चर्चच्या दारातून फारसी बोलणाऱ्याला बाहेर काढायचं, तो घरात बसला की त्याला बेकायदा गट म्हणायचं, अशी ही रचना आहे.

प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या ख्रिस्ती विधीतला, द्राक्षारस तर यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. इराणमध्ये मद्यबंदी आहे, पण मान्यताप्राप्त ख्रिस्ती लोकांना त्यांच्या विधीपुरती सूट आहे. नादरखानींच्या रश्तमधल्याच मंडळीतल्या मोहम्मदरेझा ओमिदी यांना प्रभुभोजनात द्राक्षारस घेतल्याबद्दल ऐंशी फटक्यांची शिक्षा झाली, आणि २०२० मध्ये ते फटके प्रत्यक्ष मारले गेले. शेजारच्या अर्मेनियन चर्चमध्ये तोच घोट गुन्हा नाही. ओमिदींच्या बाबतीत तो गुन्हा ठरला, कारण न्यायालयाच्या मते ते ख्रिस्ती नव्हतेच. सरकार तुमचा धर्म मानत नाही, म्हणून तुमचा धर्मविधी गुन्हा होतो. धर्मासाठी शिक्षा झाली असंही म्हणायची सोय राहत नाही.

त्याच वर्षी बुशेहरच्या न्यायालयाने एका धर्मांतरित जोडप्याने दत्तक घेतलेली लहान मुलगी काढून घ्यायचा आदेश दिला. मूल मुसलमान धरलेलं, आईबाप तसे उरलेले नाहीत, म्हणून. वारसाहक्कात तर मुसलमान वारस असेल तर बिगरमुसलमानाला काहीच मिळत नाही, हे इराणच्या दिवाणी कायद्यात छापलेलंच आहे. तुरुंगाच्या आधी आणि नंतर हे सगळं असतं. म्हणून मी अशिलाला नुसतं ‘अटक झाली होती का’ एवढंच विचारत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर तुमच्या भाडेकरूचंच नुकसान. नोव्हेंबर २०२१ मध्ये इराणच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका शाखेने नऊ धर्मांतरितांच्या प्रकरणात म्हटलं की घरात जमून ख्रिस्ती धर्माचा प्रचार करणं म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध संगनमत नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या नऊ जणांची पाच-पाच वर्षांची शिक्षा रद्द झाली. पण त्यानंतरही अटका थांबल्या नाहीत. तिथे खालची क्रांती न्यायालयं, जिथे सुरक्षेचे खटले चालतात, प्रत्येक प्रकरण नव्याने पाहतात आणि सुरक्षा यंत्रणा पुढचं आरोपपत्र ५०० च्या नव्या कलमाखाली घालते. आश्रयाच्या मुलाखतीत हा निकाल समोरून त्याच्यावर फेकला जाऊ शकतो. त्याआधी आपणच तो सांगून त्यानंतर काय घडलं ते मांडलेलं बरं.

आणि प्रत्येक धर्मांतरिताला विमानतळावरच बेड्या पडतात, असंही नाही. मंडळी चालवणारा, बायबलं वाटणारा, परदेशी संस्थेशी किंवा उपग्रहवाहिनीशी संपर्कात असणारा, ज्याचे फोटो-व्हिडिओ जालावर आहेत तो, आधी एकदा चौकशी झालेला: यांना धोका जास्त. चूपचाप मनात श्रद्धा ठेवणाऱ्याला कमी. चौकशी म्हणजे बहुधा घरावर धाड, फोन-लॅपटॉप जप्त, काही दिवस एकांत कोठडी, कुटुंबाच्या घराची कागदपत्रं जामिनाला ठेवायची, आणि ‘पुन्हा मंडळीत जाणार नाही’ अशा हमीपत्रावर सही. ती सही पुढच्या अटकेत पुरावा म्हणून वापरतात. सुरक्षेच्या गुन्ह्यांत तपासाच्या टप्प्यावर वकीलही न्यायखात्याने मान्य केलेल्या यादीतलाच घ्यावा लागतो. एव्हिनमधला २०९ क्रमांकाचा विभाग गुप्तचर खात्याच्या ताब्यातला. धर्मांतरितांच्या जबाबांत तो सारखा येतो. २३ जून २०२५ ला इस्रायलने एव्हिनवर हल्ला केला आणि कैदी फशाफूये, करचक अशा तुरुंगांत हलवले, जिथली अवस्था आणखी वाईट. इस्रायलशी झालेल्या त्या युद्धानंतर ‘झायोनिस्ट’ हा शिक्का आधीपेक्षा जड झालाय, हेही लक्षात ठेवा.

मग मनातच ठेव म्हणावं का त्याला? हा सल्ला अनेक सज्जन माणसं देतात. ५ सप्टेंबर २०१२ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने, जर्मनीत आलेल्या दोन पाकिस्तानी अहमदियांच्या (स्वतःला मुसलमान म्हणवणारा, पण पाकिस्तानात मुसलमान न मानला जाणारा पंथ) प्रकरणात, तो निकालात काढला: श्रद्धा उघड पाळल्यावर छळ होणार असेल, तर ‘लपवून राहा म्हणजे काही होणार नाही’ असं सांगून आश्रय नाकारता येत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही मार्च २०१६ मध्ये स्वीडनमधल्या एका इराणी धर्मांतरिताबद्दल म्हटलं की धर्मांतराचा धोका न तपासता त्याला परत पाठवणं चालणार नाही. त्या माणसाने आधी राजकीय कारण पुढे केलं होतं, धर्मांतर स्वीडनमध्ये गेल्यावरचं होतं, तरीही. तुमच्या भाडेकरूचंही तसंच आहे: देश सोडताना तो निर्वासित नव्हता, इथे आल्यावर झाला. अशा दाव्याला मान्यता आहे, पण त्याची छाननी जास्त कडक होते, कारण व्हिसा संपताना बाप्तिस्मा घेणारेही असतात. नाहीत असं मी म्हणणार नाही.

छाननीत काय पाहतात? अडाणी अधिकारी सामान्यज्ञानाची परीक्षा घेतो: बारा शिष्यांची नावं सांग, पेंटेकॉस्ट कधी असतो. पाठांतर करून येणारा त्यात पास होतो आणि साधा श्रद्धाळू नापास. जाणता अधिकारी विचारतो, पहिल्यांदा तिथे कोण घेऊन गेलं, कशाने खटकलं, कुठे अडलास, आईला सांगितलंस का, सांगितलंस तर ती काय म्हणाली. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर कसं फुटलं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. धर्मांतर एका दिवसात होत नाही, त्याला मागेपुढे वर्षं असतात, आणि त्या वर्षांचं लिखाण हाच सगळ्यात भक्कम पुरावा. टिळकांच्या दारात सरकार मात्र आलं नव्हतं.

म्हणून त्याला सांगा, आत्ताच, फारसीत, स्वतःच्या शब्दांत सगळं लिहून काढ. कुणाकडून ‘चांगलं’ करून घेऊ नकोस. पाळकाचं पत्र घे, पण त्यात ‘हा उत्तम ख्रिस्ती आहे’ एवढंच नको. कधीपासून येतो, काय करतो, वर्गाला बसला का, याच्या तारखा हव्यात. घरून आलेले धमकीचे मेसेज मूळ फोनवरच राहू देत. स्क्रीनशॉट काढून फोन विकणारे मी पाहिलेत. आणि बाप्तिस्म्याचे व्हिडिओ मुद्दाम इन्स्टाग्रामवर टाकून धोका ‘तयार’ करू नकोस. अधिकाऱ्याला तो डाव लगेच कळतो, आणि तेहरान-शिराझमध्ये बसलेल्या आईबापांच्या दारात माणसं जातात ती वेगळीच.

मुलगा आहे म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेचं प्रकरणही असतं. शिकायला देश सोडताना बहुतेकांच्या घरच्यांनी हमी म्हणून रक्कम किंवा मालमत्ता अडकवलेली असते. तो परतला नाही तर ती जाते. अधिकारी हमखास विचारणार की सैन्यात जायचं टाळतोयस का. खरं असेल ते सांगावं. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात; एक लपवलं की दुसऱ्यावरचाही विश्वास उडतो.

आता भारत. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, १९६७ च्या जोडपत्रावरही नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. आपल्या कायद्याच्या भाषेत तुमचा भाडेकरू फक्त ‘परदेशी’ आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट २०२५ आला. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटी कागदपत्रं सापडली तर दोन ते सात वर्षं. इथे त्याला अटक झाली तर आरोपपत्रात ख्रिस्ती हा शब्दही येणार नाही. ‘मुदतीनंतर वास्तव्य’ एवढंच येईल. इराणमध्ये कागदावर सुरक्षा, इथे कागदावर व्हिसा. ज्या गोष्टीमुळे तो कोठडीत बसतो ती दोन्हीकडच्या फायलीत नसते, आणि आमचं सगळं काम ती वेळेत फायलीत आणण्याचं आहे. थायलंडमध्ये डिसेंबर २०१० मध्ये पाकिस्तानातून आलेल्या अहमदियांना बायकापोरांसकट बँकॉकच्या इमिग्रेशन कोठडीत घातलं, तेही असंच: छळ पाकिस्तानात झाला, आणि कोठडी मिळाली ती व्हिसा नव्हता म्हणून.

सुधारित नागरिकत्व कायद्याचं नाव कुणीतरी काढेलच. तो इथे लागू नाही. त्यात ख्रिस्ती आहेत, पण पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानचे. इराण त्या यादीत नाही.

मग उरतं काय? दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय, सगळे ज्याला यूएनएचसीआर म्हणतात. इराण, अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया इथल्या लोकांची नोंदणी तेच करतं. आधी नोंदणी, मग अर्जदार असल्याचा कागद, मग सविस्तर मुलाखत, मान्य झालं तर निर्वासिताचं कार्ड. मधली वाट लांब असते, महिन्यांची नव्हे, कधी कधी वर्षांची. कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. पण पोलिसाने अडवलं, न्यायालयात उभं केलं, तर हा माणूस कोण हे सांगणारा तो एकमेव कागद असतो.

दुसरी गोष्ट फार कमी वकिलांना माहीत असते. केंद्रीय गृहमंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्ये, निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी कार्यपद्धती ठरवून दिली, आणि २०१९ मध्ये ती सुधारून पुन्हा राज्यांना पाठवली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची साधार भीती आहे असं प्रथमदर्शनी दिसलं, तर राज्याने सुरक्षा तपासणी करून दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी गृहमंत्रालयाकडे शिफारस करायची. धर्म हा शब्द त्यात आहे. अर्ज पुण्यात पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे, म्हणजे एफआरओकडे जातो. हल्ली सगळं ऑनलाइन. मिळेलच असं मी सांगणार नाही. पण अर्ज व्हिसा जिवंत असताना गेला आणि त्याची पोच हातात असली, तर पुढे न्यायालयात ‘हा लपून बसला होता’ हे म्हणणं टिकत नाही.

तिसरी गोष्ट न्यायालयं. आपल्या राज्यघटनेचं जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं २१ वं कलम आणि सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचं २५ वं कलम ‘व्यक्तीं’ना आहे, फक्त नागरिकांना नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९४ मध्ये सय्यद अता मोहम्मदी नावाच्या इराणी निर्वासिताचं प्रकरण आलं. यूएनएचसीआरने त्याला निर्वासित मानलंय, तेव्हा त्याला इराणला परत पाठवायचा प्रश्नच येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि त्याला हव्या त्या देशात जाऊ दिलं. भुजमध्ये कोठडीत असलेल्या दोन इराकी तरुणांच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयानेही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तशीच भूमिका घेतली. पण हे वाचून छाती फुगवून बसू नका. एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समानतेचं १४ वं आणि २१ वं कलम सगळ्यांना लागू असले, तरी हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला चिकटलेला आहे, आणि तो नागरिकांचाच. मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या अर्जावर ‘भारत ही धर्मशाळा नाही’ असंही तोंडी ऐकवलं. आजचं वारं हे असं आहे. जुने निकाल कामी येतात ते कागद स्वच्छ असलेल्या माणसाच्या.

इथून पुढे कुठे? तुर्कस्तानात जा, असं त्याचे मित्र सांगतील, कारण इराण्यांना तिथे व्हिसा लागत नाही. पण २०१८ पासून तिथली नोंदणी यूएनएचसीआरकडून सरकारकडे गेलीय आणि इराण सीमेला लागून आहे. अमेरिकेचं नाव निघालं तर फेब्रुवारी २०२५ आठवा: आश्रय मागायला आलेल्यांना, त्यांत इराणी धर्मांतरितही होते, विमानात घालून पनामाला सोडलं, आधी हॉटेलात कोंडलं, मग काहींना दरियेनच्या जंगलाजवळच्या छावणीत. भारतातून अन्य देशात पुनर्वसनाच्या जागा मुळातच थोड्या, आणि त्या मागून मिळत नाहीत.

इराणहून श्रद्धेसाठी पळून आलेला माणूस पुण्या-मुंबईला नवा नाही. यझ्द आणि करमानहून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांच्या हॉटेलांत आपण बनमस्का खाल्लाय. इराणमध्येच उगम पावलेल्या बहाई धर्माची कुटुंबंही आली, पाचगणीला त्यांची शाळा १९४५ पासून आहे. बहाईंची तर आजही तीच गत. त्यांच्या सात नेत्यांना २००८ मध्ये पकडलं, दहा वर्षं आत ठेवलं. त्यांतल्या महवश साबेत आणि फरीबा कमालाबादी यांना २०२२ मध्ये पुन्हा उचलून आणखी दहा वर्षांची शिक्षा दिली. आरोप? तोच, राष्ट्रीय सुरक्षा.

तेव्हा करायचं काय ते सांगतो. पहिलं, व्हिसाची तारीख उलटू द्यायची नाही. पुढच्या अभ्यासक्रमाला खरोखर प्रवेश मिळत असेल तर घेऊन मुदत वाढवून घ्यावी. कायदेशीर महिने हाच त्याचा सगळ्यात मोठा ऐवज. दुसरं, यूएनएचसीआरकडे नोंदणीची विनंती आजच, व्हिसा जिवंत असताना. तिसरं, एफआरओकडचा अर्ज वकिलामार्फत. चौथं, पासपोर्ट संपत आला असेल तर मुंबईच्या इराणी वाणिज्य दूतावासात जाण्याआधी वकिलाशी बोलावं. गेलं की ‘याला स्वतःच्या सरकारची भीती नाही’ असं लिहिलं जातं, न जावं तर एफआरओ पासपोर्ट मागतो. दोन्हींचा तोल प्रकरणागणिक वेगळा.

मंडळीतही जपून. विद्यार्थी व्हिसावर प्रार्थनेला बसायला, गाणी म्हणायला काही हरकत नाही. पण परदेशी माणसाने धर्मप्रचार करणं, व्यासपीठावरून प्रवचन देणं, पत्रकं वाटणं हा व्हिसाच्या अटींचा भंग आहे. उत्साही पाळक त्याला ‘साक्ष’ द्यायला उभा करतात, व्हिडिओ काढतात. नको म्हणायला त्याला शिकवा.

आणि अटक झालीच, तर पहिल्या रिमांडलाच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तोंडाने आणि लेखी सांगायचं की मी आश्रय मागितलेला माणूस आहे, माझ्या दूतावासाला माझा ठावठिकाणा कळवू नये. पोलीस सवयीने दूतावासाला कळवून टाकतात; एकदा कळलं की ते परत घेता येत नाही. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो परदेशी असला तरी. तुमचा फोन नंबर त्याच्या खिशात असू द्या. अशा वेळी बाहेरून यूएनएचसीआरला ईमेल करणारं कुणीतरी लागतं.

शेवटी एजंट. कॅम्पात, कोंढव्यात, दिल्लीतही ‘कार्ड काढून देतो’, ‘कॅनडाची फाईल लावतो’ म्हणणारे भेटतील, बहुधा त्याच्याच भाषेत बोलणारे. यूएनएचसीआरच्या नोंदणीला, मुलाखतीला, कार्डाला एक रुपयाही लागत नाही. जो पैसे मागतो तो बनावट कागद देणार, आणि बनावट कागदाची शिक्षा मी वर लिहिलीय. मूळ पासपोर्ट आणि मूळ बाप्तिस्म्याचा दाखला कुणाच्याही हाती द्यायचा नाही, माझ्यासारख्या वकिलाच्याही नाही, छायाप्रती पुरतात.